घोटवाळ, लोकसंख्या

पंचायतीच्या भिंतीवर पिवळ्या रंगात, कानडीत,
गावाचं नाव, खाली क्षेत्रफळ, त्याखाली लोकसंख्या.
नावाचं पहिलं अक्षर जिलेबीसारखं वळलेलं,
त्यावरून म्हातारी माणसं ओळखतात, हे आपलं.

क्षेत्रफळाचं मला विचारू नका.
फॉरेस्टवाल्यांचे दगड वेगळे, तलाठ्याचे वेगळे,
आणि फणसाच्या बुंध्यावर अस्वलानं ओरबाडून ठेवलेत
ते तिसरेच.
पाराजवळ उभं राहिलं तर फोन म्हणतो कर्नाटक,
वरच्या झऱ्याशी गेलं की गोव्यात स्वागत.
चुकलेला रेडा शोधत हिंडणाऱ्या कलाप्पाची
एका दुपारी तीन राज्यांत स्वागतं झाली.
चहा कुठंच मिळाला नाही.

लोकसंख्या मात्र बरोबर असते.
ती मष्णू घाडी बघतो.
मष्णू नीरगंटी. सकाळी टाकीचा कॉक सोडतो,
सांजेला बंद करतो,
मधल्या वेळात आकडा.
पेंटरनं लिहिलेला त्यानं कधीच खरवडला,
आता तिथं खडू चालतो.
लुमाण्णा गेला तेव्हा चारशे बारा.
गावड्यांकडे जुळी झाली, चौदा.
सखूची थोरली चोर्ल्याचा घाट उतरून साखळीला दिली,
त्या दिवशी खडू धरून तो जरा थांबला.
म्हणाला, बाळंतपणाला येणारच की ओ. मग बघू.

मी इथला बिल कलेक्टर, बावीस वर्षं झाली.
माणसं मराठीत सांगतात, मी कानडीत लिहितो,
वाचून दाखवायचं परत मराठीत.
या ये-जा करण्यात काहींची आडनावं झिजली.
रेशनकार्डावर घाडीचा गाडी झाला.
चाकं कुठं हायत गा, म्हणून मष्णूच हसतो,
मला अजून हसू येत नाही. अक्षर माझं होतं.

माघात नव्या पीडीओ आल्या, शैलजा कडेमनी, गदगच्या.
त्यांच्याकडं काळी माती, लांबवर झाड दिसलं
की गाव आलं म्हणतात.
इथं झाडं संपली तर गाव.
ऑफिसमागच्या खोलीत राहिल्या.
पहिल्या रात्री फोनवर आईला सांगत होत्या,
बरे काडु अव्वा, बरे काडु.
नुसतं रान. तेवढी कानडी इथं सगळ्यांना येते.

तालुक्यातून फॉर्म आला,
गावाचं वैशिष्ट्य लिहा, शंभर शब्दांत.
बाईंनी सगळ्यांना विचारलं.
कुणी म्हणालं भावकाईचं देऊळ, कुणी मध,
तुकव्वा म्हणाली, लिही, सातनंतर एसटी नाही.
बाईंनी तेच लिहिलं. मग खोडलं.
मग बराच वेळ खिडकीतून बघत बसल्या,
बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं,
किंदळाच्या झाडाखाली मष्णू सायकलचं पंक्चर काढत होता.
रकाना तसाच गेला.

होळीनंतर एका सकाळी भिंतीवर चारशे पंधरा.
गावात कोण बाळंत झालेलं नव्हतं.
मी बाईंच्या तोंडाकडं बघितलं.
त्या घागर घेऊन नळाला उभ्या होत्या, तुकव्वाच्या मागं,
पाळी येईल म्हणून.

पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली, सौंदत्तीला.
ट्रंक एसटीच्या टपावर चढवली, दोर मष्णूनंच आवळला.
आकडा हलला नाही.
मी दोनदा सांगितलं, कमी कर, चुकतंय.
तो म्हणाला, खडू संपलाय.
मी बेळगावहून डबी आणून दिली.

परवा मोजणीवाले आले. त्यांच्यासोबत मी घरोघर हिंडलो.
दोन कमी भरले.
एक सखूची, ती ठाऊक होती.
ते म्हणाले, भिंतीवर काय लिहिलंय?
मी चष्मा पुसला, परत पुसला.
मष्णू वर टाकीवर होता,
पाणी सोडायची वेळ.